खकाणा

शटर अर्धं वर गेलेलं असायचं, मी वाकून आत शिरत असायचो, तेवढ्यात दिवसाचा पहिला खोकला पाठीमागून यायचा. माणूस नंतर दिसायचा. बेळगावच्या वडगावात सत्तावीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं, त्यात खोकल्यावरून माणूस ओळखायची सवयच लागून गेली. मागावर बसणाऱ्याचा कोरडा, तुटक खोकला. विडी ओढणाऱ्याचा सकाळचा, खरवडून काढलेला. शाळकरी पोराचा ओला, आणि त्याच्यामागून आईचा धपाटा, "तोंडावर हात धर की रे!" गिऱ्हाईक काउंटरला टेकेपर्यंत माझा हात फळीवर गेलेला असायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, मालकांना सांगावं लागत नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. सांगायचं आहे ते त्या बरं वाटण्याबद्दलच.

बेळगावचा पाऊस भिरभिरतो. कोसळायचा तो तिकडं कणकुंबी-जांबोटीच्या रानात कोसळून मोकळा होतो आणि आमच्या वाट्याला दिवसभराची भुरभुर येते, छत्री उघडावी की नको अशा बेताची. खानापूरकडच्या आमच्या जुन्या घरात या दिवसांत निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचे आणि त्यावर पोरांचे शाळेचे कपडे वाळत पडायचे. दारं-खिडक्या बंद, आत आठ माणसं, भिंतीपलीकडं दोन म्हशी आणि ओल्या लाकडाचा धूर. एकाला शिंक आली की चार दिवसांत अख्खं घर शिंकायला लागायचं. आई म्हणायची, पाऊस बाधला.

डी.फार्म. करून आल्यावर मी आईला शहाणपण शिकवायला गेलो. पावसानं काही होत नाही गं, विषाणूनं होतं. साध्या सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे, त्यात रायनोव्हायरसचा गोतावळा सगळ्यांत मोठा. एकाशी शरीराची ओळख होते न होते तोवर दुसरा दारात उभा. म्हणून तर मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा आणि लहान पोरांना सहा-आठ वेळासुद्धा सर्दी होते, आणि त्यात पोरगं अशक्त असल्याचं काही नसतं. पावसाळ्यात आपण कोंडून बसतो, एकमेकांचा श्वास पुन्हा पुन्हा घेतो, म्हणून ती पसरते. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. आधी पाय पुस."

पुढं एक अभ्यास वाचनात आला. २००५ साली कार्डिफ विद्यापीठात १८० जणांपैकी निम्म्यांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं होतं, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची तक्रार याच लोकांत जास्त निघाली. विषाणू आधीच नाकात दबा धरून असावा, गारठ्यानं नाकातल्या रक्तवाहिन्या आखडल्या की त्याला मोकळं रान मिळत असावं, असा त्या संशोधकांचा तर्क. आई तोवर गेली होती. नाहीतर एवढं कबूल करायला मी खानापूरची गाडी पकडली असती.

आमच्या काउंटरवर दोन भाषा एका दमात चालायच्या. "अण्णा, केम्मिगे औषध कोड्री" म्हणणारा आणि "मामा, खोकल्याचं द्या की" म्हणणारी एकाच गल्लीतले. कधी कधी एकाच घरातले. खोकल्याला आपल्याकडं शब्द केवढे! ठसका, ढास, उबळ, घरघर, खरखर. डांग्या खोकल्याला कन्नडमध्ये 'नायि केम्मु' म्हणतात, कुत्र्याचा खोकला. एकदा ऐकला की नाव का पडलं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. कसा खोकला येतो हे लोक इतकं बारकाईनं सांगायचे की जणू नक्कल करून दाखवताहेत. किती दिवसांपासून येतो, हे क्वचितच कुणी सांगे. मीही विचारत नसे.

मागणी असायची ती 'तीन दिवसांच्या पुडी'ची. एक सर्दीची गोळी, एक तापाची, एक अँटिबायोटिक, कात्रीनं कापून कागदात. सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल आधीच असतं आणि वर तापाची गोळीही पॅरासिटामॉलच, म्हणजे डोस दुप्पट, हे मला कळत होतं. त्याच सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायला म्हणून फिनाइलएफ्रिन घातलेलं असतं. अमेरिकेच्या औषध नियामकांच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एकमतानं सांगून टाकलं, की तोंडानं घेतलेल्या फिनाइलएफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर काही उपयोग होत नाही. ही बातमी मी दोनदा वाचली. सत्तावीस वर्षांत किती पत्ते विकले असतील त्याचा हिशेब करायला बसलो आणि मग नाद सोडला.

त्या मानानं परड्यातला अडुळसा प्रामाणिक म्हणायचा. कफ पातळ करायला डॉक्टर ब्रोमहेक्सिन लिहून देतात, ते अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच बेतलेलं. म्हणून अडुळशाचा काढा प्यायला की न्यूमोनिया जातो असं नव्हे. असं म्हणणारेही काउंटरवर भेटत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

अँटिबायोटिकचं गणित मात्र नीट सांगायला हवं. साध्या सर्दीनंतरचा खोकला किती दिवस चालतो? लोकांना विचारलं तर म्हणतील, आठवडाभर. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१३ सालच्या, हीच अपेक्षा नोंदवली गेली: सात ते नऊ दिवस. प्रत्यक्षात खोकल्याची सरासरी निघाली जवळजवळ १८ दिवस. या दोन आकड्यांमधल्या दहा दिवसांवर माझं दुकान चालत होतं. गिऱ्हाईक पाचव्या दिवशी यायचं, सिरप न्यायचं. नवव्या दिवशी चिडून यायचं, "जोरदार द्या काहीतरी." मी जोरदार द्यायचो. चौदाव्या-पंधराव्या दिवशी खोकला आपल्या वाटेनं उतरणीला लागायचा आणि श्रेय माझ्या गोळीला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! सर्दी, फ्लू, बहुतेक ब्रॉंकायटिस हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला त्याचा पत्ताही लागत नाही. मार्च २०२३ मध्ये एच-थ्री-एन-टू फ्लूची लाट आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं हेच जाहीरपणे सांगितलं होतं: ताप तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो, उगीच अँटिबायोटिक घेऊ नका, देऊ नका.

"पण कफ हिरवा पडतोय की!" हा काउंटरवरचा हुकमी एक्का. मीही त्यापुढं मान तुकवायचो. आपल्याच पांढऱ्या पेशी लढून मरतात, त्यांच्यातलं एक विकर हिरवट रंगाचं असतं, त्याचा तो रंग. विषाणूच्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी शेंबूड हिरवा-पिवळा होतोच.

अँटिबायोटिक सरसकट वाईट असं मात्र कुणी समजू नये. पोराचा घसा लालभडक, गिळताना डोळ्यांत पाणी, ताप, गळ्यात गाठी, आणि खोकला मात्र नाही, अशा वेळी तो स्ट्रेप्टोकोकस निघू शकतो. त्याला पेनिसिलिनच्या जातीचं औषध पूर्ण दिवस द्यावंच लागतं. नाहीतर काही पोरांत तो घसा पुढं संधिवाताच्या तापावाटे हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊन पोचतो. म्हणजे द्यायचं कधी आणि नाही कधी, हे ओळखणं आलं. माझ्या कानाला ते येतं, असा माझा समज होता.

माझी धाकटी आत्ती निपाणीला दिलेली. निपाणीची तंबाखू विडीसाठी नावाजलेली, आणि गावच्या बाया पिढ्यान् पिढ्या वखारींत. तंबाखू कुटायची, चाळायची, पाखडायची. सुगीच्या दिवसांत वखारीच्या बोळात शिरलं की नाक चुरचुरायला लागतं. त्या उडणाऱ्या भुकटीला खकाणा म्हणतात. मिरच्या कुटतानाही खकाणा उठतो, पण तो तासाभरात बसतो. वखारीतला बसत नाही. नवी बाई आली की ती शिंकून शिंकून बेजार होते आणि जुन्या बाया पदराच्या आडून हसतात. वर्षभरात शिंका थांबतात आणि खोकला राहायला येतो. आत्ती अशी तीस-पस्तीस वर्षं चाळणीवर बसलेली. तिचा खोकला आमच्या घरात घड्याळाच्या टोल्यासारखा होता, कुणी दखल घेत नसे.

२०१८ च्या दिवाळीत तो बदलला. मला ते ऐकू आलं नाही. जानेवारीत एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, "औंदा ढास जरा जास्तच हाय रे." मी येताना सिरप पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी तिच्या लेकीचा फोन, की फरक नाही. म्हणून मग लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या पाठवल्या. या औषधासाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या, सगळं, आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. शेड्यूल एच-वन म्हणतात. आत्तीचं नाव मी त्यात लिहिलं नाही. चिठ्ठीच नव्हती तर लिहिणार काय? आणि घरचंच माणूस.

आत्तीला बरं वाटलं. आठवडाभर खोकला कमी, तोंडाला चव आली. मार्चमध्ये पुन्हा तेच. मी पुन्हा पाच गोळ्या पाठवल्या. पुन्हा बरं वाटलं. तिची चोळी दोनदा आत घ्यावी लागली आणि शेजारीण म्हणाली, म्हातारी बारीक होऊन देखणी दिसाय लागल्या. संध्याकाळची कणकण असायची, ती दमल्यामुळं. आत्ती म्हणायची, "खकाण्याचा खोकला हाय बाबा. मी जाईन तवा त्यो जाईल."

एप्रिलअखेर एक आशाताई त्यांच्या दारात आली. कानडी बोलणारी, तरणी पोरगी. आली होती सुनेच्या बाळाच्या लसीसाठी. आतून खोकला ऐकला आणि तिनं विचारलं, "एष्टु दिवसा आतु?" किती दिवस झाले?

सहा महिन्यांत हा प्रश्न आत्तीला कुणीच विचारला नव्हता. तिनं बोटांवर मोजलं आणि सांगितलं, दिवाळीपासून.

दुसऱ्या दिवशी बेडक्याच्या तपासणीची डबी आली, आठवड्याच्या आत निदान झालं. टीबी. मी धावत गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी काय काय घेतलंय ते विचारलं, मी सांगितलं, आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "मेडिकल तुमचंच का?" पुढचं ते शांतपणे बोलले, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवर अर्धवट चालतं. म्हणून माणसाला चार दिवस बरं वाटतं, तपासणी लांबते, तपासणीत जंतू सापडणंही अवघड होऊन बसतं. आणि एकट्या त्या औषधाला जंतू सरावले तर पुढं गरज पडल्यावर हातातलं एक मोठं हत्यार गेलेलं असतं. आत्तीचं नशीब, तिचे जंतू सरावले नव्हते.

बाहेर बाकावर बसलो तर समोरच्या भिंतीवर फलक. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. कानडीत. आत्तीला मराठी वाचता येत नाही तिथं कानडी कुठून येणार? मला मात्र कानडी सरळ वाचता येतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, बसस्टँडवर मी तो फलक शेकडो वेळा वाचला असेन. क्षय हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे.

औषध सहा महिने, फुकट. पहिले दोन महिने चार औषधं एका गोळीत, पुढचे चार महिने तीन. वजनाप्रमाणं रोज किती गोळ्या ते ठरतं. दुसऱ्या दिवशी आत्तीचा फोन, रडत, की लघवी केशरी होतेय, रक्त जातंय. त्या गोळीतल्या रिफॅम्पिसिननं तसं होतंच, हे तिला आधी सांगायला हवं होतं. माझं राहून गेलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, पाच वर्षांखालच्या दोन नातवंडांना क्षय होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. पोषणासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये बँकेत येत (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले). तिसऱ्या आठवड्यात खोकला मऊ पडला. ऑगस्टमध्ये महापूर आला, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं, निपाणीचा रस्ता तुटला. मी इकडं बेळगावात घालमेल करत बसलो. तिकडं ती कानडी पोरगी गोळ्या घेऊन घरी हजर.

आत्ती बरी झाली. धाप मात्र राहिली. तीस वर्षांचा खकाणा सहा महिन्यांत कसा जाईल?

त्याच पावसाळ्यात मी पहिल्यांदा श्वास मोजले. आमच्या बोळातल्या विणकराची आई नऊ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन आली. "जरा धापतंय बघा, सर्दीचं पातळ औषध द्या." आवाजावरून मला साधी सर्दीच वाटली, आणि म्हणूनच भीती वाटली. पोर निजलं होतं. झबलं वर करून मी घड्याळ धरलं, पुरा एक मिनिट. अठ्ठावन्न. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास, वर्षाच्या पुढं पाच वर्षांपर्यंत चाळीस. मिनिटाला त्याच्या वर श्वास गेले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. हे मी शिकलेलो होतो, वापरलं कधी नव्हतं. बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. तसं दिसलं तर मोजत बसायचंही कारण नाही, सरळ दवाखाना. मी रिक्षा बोलावली. आजीला वाटलं मी औषध द्यायला कंटाळलो. खेड्यापाड्यांत याला 'डबा' म्हणतात, आणि कुणी कुणी पोटावर डागही देतात. त्यात गेलेले दोन दिवस पोराच्या जिवावर बेततात. आमचं पोर ऑक्सिजनवर राहिलं, अँटिबायोटिकचा पुरा कोर्स झाला, आठवड्यानं घरी आलं. या ठिकाणी अँटिबायोटिकनं जीव वाचवला, तेही नोंदवून ठेवतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळांच्या न्यूमोनियाचं काम केलं, ते १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गावातली साधी माणसं शिकवून तयार केली, त्यांनी श्वास मोजून ओळखायचं आणि तिथंच औषध सुरू करायचं. बालमृत्यू खाली आले. अंकओळख नसलेल्या बाईलाही मोजता यावं म्हणून त्यांनी मणी सरकवायचं एक साधन केलं होतं. मी डी.फार्म., हातात घड्याळ, आणि मोजायला मला तेवीस वर्षं लागली.

मग काउंटरवर एक कॅलेंडर टांगलं. खोकला म्हटलं की आधी कॅलेंडर दाखवायचं, "कवापास्नं?" काही गिऱ्हाइकं तुटली. "औषध मागितलं तर मास्तरगिरी करतोय," असं एक जण बाहेर जाऊन म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं. पुढं कोविड आला, ऑक्सिमीटर घरोघरी गेले आणि लोकांना आकड्यांची सवय लागली. ९४ च्या खाली गेलं की पळायचं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं. दुकान २०२३ मध्ये भाच्याकडं दिलं.

आता सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फिरायला जातो. ब्रिटिशांच्या काळात इथं देवीची लस तयार व्हायची, नाव त्यावरूनच पडलेलं. तिथं भेटणारे माझ्या वयाचे पेन्शनर चालता चालता खोकत असतात. दरवर्षी फ्लूची लस घ्या म्हटलं की हसतात, "साध्या फ्लूला लस?" व्हॅक्सिन डेपोत उभं राहून हे म्हणतात!

सल्ले विचारतातच, म्हणून सांगतो. मला सर्दी झाली की मी गरम पाणी पितो, मिठाच्या गुळण्या करतो, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घेतो, रात्री चमचाभर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, त्यात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. वाफेनं बरं वाटतं, त्यापलीकडं फारसं काही नाही. उकळतं पातेलं आणि लहान मूल एका चादरीखाली घेऊ नका. पोरांना खोकल्याचं सिरप नकोच. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात भेसळीच्या सिरपनं लेकरं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली अजिबात नको, पाच वर्षांखाली शक्यतो नको. आणि दम लागला, छातीत दुखलं, बेडक्यात रक्त दिसलं, म्हातारं माणूस बरळायला लागलं, उतरलेला ताप पुन्हा चढला, तर माझ्यासारख्याला विचारत थांबू नका.

परवा आत्तीचा फोन आला. आता सत्तरीच्या पुढं गेली, आवाजात धाप आहेच. म्हणाली, शेजारच्या बोळातली एक बाई खोकतेय, वखारीतलीच. आत्ती रोज भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढते.

"तेरा झाल्यात. उद्या चौदावी. धाडू का उद्याच?"

"धाड की. आणखी कशाला थांबतेस?"

"न्हाय, उद्या बाजार हाय. बाई म्हणत्या, परवा जाते."

"मग परवा."

"परवा न्हाय," आत्ती म्हणाली, "मी नेते तिला उद्या सकाळच्या पारी. बाजार काय, दुपारी बी असतोय."